भरतीचा हिशेब

श्रीवर्धनचे नाव निघाले की लोकांना रोठा सुपारी आठवते आणि पेशवे आठवतात. बाळाजी विश्वनाथ भट इथलेच, हे आम्ही गावकरी पाहुण्याला चहाच्या आधी सांगतो! पण पेशवाईपूर्वीही हे नावाजलेले बंदर होते; युरोपी प्रवासी त्याला 'जिफर्दन' म्हणत. त्या काळची आमच्या बाजूची बंदरे पाहा. राजपुरी, बाणकोट, दाभोळ, सारी खाडीच्या तोंडाशी. निवारा मिळेच, शिवाय दर बारा तास पंचवीस मिनिटांनी येणारी भरती बंदर धुऊन काढी. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारीत.

हल्ली सहलीच्या नौकांसाठी भिंती घालून, अरुंद तोंड ठेवून बंदर बांधतात. त्याला 'मरिना' म्हणतात. तिथे नौका महिनोन्‌महिने पाण्यातच. तळाला शेवाळ धरू नये म्हणून विषारी रंग. ते विष, सांडलेले तेल, मैला आत किती दिवस राहील, याचा हिशेब भिंत घालण्यापूर्वीच मांडता येतो. शास्त्रज्ञ त्याला प्रतिमान म्हणतात, पण त्याचे मूळ माझ्यासारख्या मॅट्रिक मास्तरालाही कळते. समजा, भरतीला चार मीटर पाणी, ओहोटीला दोन. निम्मे बाहेर गेले. पण परत येणाऱ्यात निम्मे तेच जुने असेल, तर दर खेपेस घाणीचा चौथा हिस्साच जातो. दहावा हिस्सा उरायला आठ भरत्या, म्हणजे चार दिवस लागले.

हे मी फळ्यावर मांडले तेव्हा एक कोळ्याचा मुलगा म्हणाला, "गुरुजी, हे उधाणाचं झालं. भांगाचं काय?"

पोराने वर्मावर बोट ठेवले. अष्टमीच्या सुमारास भांगाला पाणी थोडेच हलते. साडेतीन मीटरांचे अडीच झाले, तर चाराचे जवळजवळ आठ दिवस होतात. आराखड्यात कोणत्या तिथीचे पाणी धरले आहे, हे विचारल्याशिवाय त्यातल्या आकड्यांवर मी तरी विसंबणार नाही.

फ्रान्समधल्या आर्काशों उपसागरात हे उशिरा उमगले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या कालवांची पैदास बसली, शिंपा वेड्यावाकड्या जाड झाल्या. दोष निघाला नौकांच्या रंगातल्या कथिलाच्या विषाचा. १९८२ साली फ्रान्सने लहान नौकांना तो रंग मना केला. जगाचा करार २००१ साली झाला आणि २००८ साली अमलात आला. आता त्या रंगांत बहुधा तांबे असते. तेही कालवांच्या पिल्लांना बाधते, आणि आमच्या किनाऱ्यावरच्या बायका आजही ओहोटीला खडकांवर कालवे फोडायला जातात.