मोकळी उडी

आमचं गाव भीमेकाठचं. दौंड तालुक्याला जुनी माणसं भीमथडीच म्हणायची. मराठ्यांच्या फौजेत इथल्या तट्टांचं नाव होतं. अंगानं लहान पण काटक, दिवसभर चालून न थकणारी. माझ्या लहानपणी त्यातली थोडी उरली होती. आमच्या दावणीलाही एक तांबडी घोडी होती, लाली.

१९७७ साली मी दहावी झालो आणि घोडी माझ्या ताब्यात आली. शेताच्या वाटेवर ओढा होता, पाच-सहा हात रुंद. लाली एकटी असली की तो सहज उडून जायची. मला हौस, वर बसून उडवायची. उडीच्या वेळी मागं रेललो, तोल जातोय असं वाटलं तसा लगाम गच्च ओढला. घोडी पलीकडं तोंडावर आली. जबड्यातून रक्त आलं. त्यानंतर मी वर असलो आणि ओढा दिसला की चारी पाय रोवून उभी राहायची. मी तिला चाबकानं मारलं, हेही लिहून ठेवतो.

चुलते तात्या पुण्याजवळच्या एका पागेत मोतद्दार होते. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी मला हाताखाली नेलं. तिथं भिंतीच्या कडेनं बांबू बांधून लांब बोळ केलेला असे. आधी जमिनीवर नुसता एक वासा, पुढं फुलीसारखे दोन वासे, मग एक आडवा. शेवटच्या दोन अडथळ्यांत वीस-बावीस फूट अंतर, म्हणजे उतरल्यावर घोड्याची एक ढांग पडते आणि पुढची उडी बसते. तात्या ते पावलानं मोजायचे. शिंगराच्या पाठीवर ना खोगीर ना माणूस. पायांना पट्ट्या बांधायच्या आणि सोडायचं. बोळाच्या टोकाला घमेल्यात जई. चार-पाच फेऱ्या झाल्या की बंद. “त्याला अजून एक मारावीशी वाटतीय तवाच थांबायचं,” तात्या म्हणायचे.

एक निवृत्त रिसालदार तिथं शिकवायला येत. मी बोळाकडं बघत राहिलेला पाहून त्यांनी फेदेरिको काप्रिल्लीची गोष्ट सांगितली. पुढं मी ती वाचलीही.

काप्रिल्ली इटलीच्या घोडदळातला अधिकारी. जन्म १८६८ चा, लिव्होर्नो गावचा. त्याच्या काळी सगळीकडं एकच शिकवण होती. रिकिबी लांब ठेवायच्या, उडी मारताना मागं रेलायचं, लगाम खेचून घोड्याचं डोकं वर धरायचं. त्यानं पुढच्या पायांवर भार कमी येतो, असा समज. काप्रिल्लीनं मोकळे घोडे उडताना पाहिले, छायाचित्रं तपासली. मोकळा घोडा मान पुढं लांबवतो, पाठीची कमान करतो आणि उतरताना पुढचेच पाय आधी टेकवतो. माणूस मागं रेलला म्हणून घोडा मागच्या पायांवर उतरत नाही. उलट पाठीला हिसका बसतो, तोंडातलं लोखंड रुततं. मग घोडा उडीलाच भितो. म्हणजे घोड्याला उडी शिकवायची नव्हतीच. वरच्या माणसाला बसायला शिकवायचं होतं.

त्यानं रिकिबी आखूड केल्या, बूड खोगिरावरून उचललं, अंग पुढं झुकवलं आणि हात घोड्याच्या तोंडामागं जाऊ दिले. जुन्या मंडळींना ते पटेना. पण १९०२ साली तुरीनला त्यानं मेलोपो नावाच्या घोड्यावर २ मीटर ८ सेंटीमीटर उंच उडी घेतली. पिनेरोलोच्या घोडदळ शाळेनं पुढं त्याची रीत धरली. परदेशांतले अधिकारी ती शिकायला येऊ लागले. १९०७ च्या डिसेंबरात घोड्यावरून पडूनच तो गेला. वय ३९. आज जगभर उडीचे घोडेस्वार पुढं झुकूनच बसतात.

ही गोष्ट ऐकताना मला लालीचा जबडा दिसत होता.

गावी आल्यावर मी बांधाकडेला काट्या रोवून बोळ केला, आत कडब्याच्या पेंढ्या आडव्या टाकल्या. लाली पहिल्या दिवशीच उडली. महिनाभर मी पाठीवर बसलो नाही. मग बसलो, पुढं झुकून, लगाम सैल सोडून. पेंढ्यांवरून तिनं मला नेलं.

ओढ्यावरून मात्र कधी नेलं नाही. काठावर आली की थांबायची, कान मागं टाकायची. मग मीच उतरायचो, लगाम काढून खांद्यावर टाकायचो. ती मोकळी उडी मारून पलीकडं जायची आणि मी पाण्यातून येईपर्यंत तिथंच उभी राहायची. ती होती तोवर, अकरा वर्षं, आम्ही तो ओढा असाच ओलांडला.