घरातली घंटा कोणाच्या हाती?

गेल्या पावसाळ्यात आई देवाघरी गेली. त्यानंतर जुने घर आवरताना माळ्यावर सुतळीने बांधलेला एक गठ्ठा हाती लागला. १९७९ पासूनच्या दिनदर्शिका होत्या त्या. एकेका तारखेच्या चौकोनात आईचे बारीक अक्षर होते: ‘दूध नाही’, ‘सिलिंडर लावला’, ‘फी भरली’, ‘कोंबडी बसवली’, ‘पहिला शुक्रवार’. ख्रिस्तसभेचा इतिहास मी सेमिनरीत शिकलो, परंतु आमच्या स्वतःच्या घराचा इतिहास स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेला होता, हे मला पन्नाशी उलटल्यावर उमगले.

घर नीट चालावे म्हणून माणसाने वेळोवेळी कोणती साधने हाती घेतली, त्या साधनांनी घराला काय दिले आणि त्याबदली काय मागून घेतले, याचा थोडा मागोवा घ्यावा, असे तो गठ्ठा चाळताना मनात आले.

आरंभ घंटेपासून करावा लागतो. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी इटलीत माँते कासिनो येथील आपल्या मठासाठी नियमावली लिहिली. दिवस प्रार्थना, श्रम आणि वाचन यांत विभागलेला होता. प्रार्थनेचा संकेत ऐकू येताच हातातले काम जागीच सोडून मठवासीयाने निघावे, असा दंडक होता. त्याच नियमावलीत आणखी एक मार्मिक सूचना आहे. प्रार्थनेची वेळ जाहीर करण्याची जबाबदारी मठाधिपतीने स्वतः घ्यावी, किंवा ती अत्यंत दक्ष अशा एखाद्या बंधूवर सोपवावी. वेळ सांगणे हे हलके काम नव्हे, हे त्या संताने दीड हजार वर्षांपूर्वी ओळखले होते.

तेराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात यांत्रिक घड्याळे आली, तीही आधी मठांत आणि महामंदिरांत. इंग्लंडमध्ये सॉल्झबरीच्या महामंदिरातील घड्याळ १३८६ च्या सुमाराचे मानले जाते. त्याला तबकडी नाही आणि काटेही नाहीत. ते फक्त ठोके देते. इंग्रजीतला ‘क्लॉक’ हा शब्द घंटा या अर्थाच्या मध्ययुगीन लॅटिन शब्दावरूनच आला. आपल्या मराठीची साक्षही निराळी नाही. घटिकापात्र पाण्यात बुडाले की चोवीस मिनिटांची एक घटका सरे. ‘तास’ म्हणजे तर ठोके देण्याची धातूची थाळी. सारांश, वेळ ही पाहण्याची नव्हे, ऐकण्याची वस्तू होती. आणि ऐकू येते ते साऱ्या गावाला एकदमच येते.

वसईच्या वाचकांना हे अधिक उलगडून सांगायला नको. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता. चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकल्यावर येथील कित्येक घंटा मराठ्यांनी नेल्या. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ हे साल आजही वाचता येते. नाशिकचे नारोशंकर मंदिर आणि वाईजवळील मेणवलीचा घाट येथेही अशा घंटा आहेत. त्रिकाळ प्रार्थनेची वेळ सांगणारा तो नाद ऐकून वसईत चूल पेटत असे आणि गुरे परतत असत. त्याच घंटांचा नाद पुढे दुसऱ्या भाविकांच्या कानी पडू लागला. घंटेने तक्रार केली नाही. ज्यांच्यामध्ये ती टांगली, त्यांना तिने एकत्र बोलावले.

दुसरे साधन दिनदर्शिकेचे. जुन्या ज्युलियन गणनेत दर वर्षी काही मिनिटांची चूक राही. साचत साचत ती दहा दिवसांची झाली आणि पुनरुत्थानाच्या सणाची तारीख ठरवणे अवघड होऊन बसले. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये सुधारणा जाहीर केली. त्या वर्षी ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबरचा शुक्रवार उजाडला. या कामी लिलियस हा वैद्य आणि क्लॅव्हियस हे येशूसंघीय गणितज्ञ यांची विद्वत्ता उपयोगी पडली. पोपचा निर्णय म्हणून इंग्लंडने मात्र तो १७५२ पर्यंत मानला नाही. परिणाम असा की, मुंबई इंग्रजांकडे गेल्यावर खाडीपलीकडच्या वसईत एक तारीख आणि मुंबईच्या इंग्रजी कचेरीत दहा दिवस मागची, सन १७०० नंतर तर अकरा दिवस मागची! सूर्य तोच, पाऊस तोच. माणसांचे एकमत तेवढे नव्हते.

तिसरे साधन आगगाडीबरोबर आले. १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईला गाडी सुरू झाली. भाजी, फुले, केळी घेऊन निघणाऱ्यांना आता कोंबड्याच्या आरवण्यावर विसंबून भागेना. पुढे १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईने तिला कडवा विरोध केला. ‘मुंबई टाइम’ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होता, आणि मुंबईने तो पुढे कित्येक वर्षे सोडला नाही. वेळ ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा तेव्हाचा वाद होता. घराघरांत तो आजही चालू आहे, फक्त त्याचा उच्चार होत नाही.

१९६१ मध्ये बेंगळूरुच्या एच.एम.टी. कारखान्यातून मनगटी घड्याळे निघू लागली. कामावर जाणाऱ्या पुरुषाच्या मनगटावर, मॅट्रिक झालेल्या मुलाच्या हातावर ती दिसू लागली. माझ्या वडिलांचेही तसलेच होते. सकाळच्या बातम्यांच्या वेळी ते रेडिओवरून लावायचे आणि रोज किल्ली द्यायची, हा त्यांचा नेम होता. तो कारखाना आता बंद झाला आहे. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढले. एकाच भिंतीवर गणेशचतुर्थी, ईद, पतेती आणि नाताळ नांदू लागले. त्यातले मोकळे चौकोन गृहिणींनी आपल्या वहीसारखे वापरले. घड्याळ वडिलांच्या मनगटावर होते, पण वर्ष आईच्या भिंतीवर होते. संत बेनेडिक्टांनी सांगितलेला ‘दक्ष बंधू’ आमच्या घरी पदर खोचून उभा असे. त्या पदाबद्दल तिचे कोणी आभार मानल्याचे मला आठवत नाही. मीही मानले नाहीत.

१९९५ मध्ये भारतात मोबाइल आला, २००९ मध्ये व्हॉट्सॲप निघाले. आज गॅसची नोंदणी, विजेचे बिल, औषधांची आठवण, शाळेची सूचना, सारे तळहातावर आहे. मी या साधनाचा निंदक नाही. आखातात किंवा जहाजावर नोकरीला असलेला मुलगा आईच्या गोळ्यांची चौकशी दुरून करतो, ही लहान कृपा नव्हे. २०२० च्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद असताना याच फोनसमोर मेणबत्ती लावून कुटुंबांनी मिस्सा पाहिली. बाईच्या डोक्यावरचा स्मरणाचा भार त्याने हलका केला, हेही मान्य करावे लागेल, अर्थात घरातली इतर माणसे आपल्या वाट्याची नोंद स्वतः ठेवत असतील तरच.

तरीही एक भेद ध्यानात घ्यावा. गावाची घंटा सर्वांना एकच वेळ सांगत होती. भिंतीवरची दिनदर्शिका घरातल्या सर्वांना दिसत होती; आज आईला दवाखान्यात जायचे आहे, हे मुलाला न विचारताही कळे. फोन मात्र ज्याचे त्याला, हळूच सांगतो. घरभेटीला गेलो असता मी पाहतो: चार माणसे, चार फोन, प्रत्येकाची व्यवस्था चोख; पण रात्री एकत्र जेवायचे केव्हा आणि जपमाळेला बसायचे केव्हा, हे कोणत्याच फोनमध्ये नसते. दोष यंत्राचा नाही. आपण त्याला जे सांगितले नाही, त्याची आठवण ते कशी करून देणार?

म्हणून माझी एक साधी विनंती आहे. फोन खुशाल वापरावा, परंतु घरात सर्वांना दिसेल अशी एक भिंत राखावी आणि सर्वांना लागू असेल अशी एक वेळ. ती वेळ सांगण्याचे काम आईवरच न टाकता आळीपाळीने करावे. या आठवड्यात बाबा, पुढच्या आठवड्यात धाकटी. हाक आली की हातातले काम जागीच सोडून उठावे.

हे मी उपदेशकाच्या आसनावरून सांगत नाही. त्या गठ्ठ्यात अनेक चौकोनांत ‘फादर येणार’ असे दोन शब्द होते. माझ्या फोनमध्ये सभा, विवाह, दफनविधी सारे वेळेवर नोंदलेले असे. आईकडे जाण्याचे तेवढे मी ‘लक्षात आहे’ म्हणून नोंदत नसे. कित्येक चौकोनांत त्या दोन शब्दांवर एक रेघ होती, आणि पुढच्या रविवारच्या चौकोनात तेच दोन शब्द तिने पुन्हा लिहिले होते.