रेगूरमधली वाळू

शाळेच्या भूगोलात काळ्या मातीचे नाव म्हणून भेटणारा ‘रेगूर’ हा शब्द मूळ कुठला? यूल आणि बर्नेल यांच्या 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात एक तर्क नोंदला आहे : फारसी ‘रेग’ म्हणजे वाळू, त्याच्याशी याचे नाते असू शकेल. रेगिस्तानातला रेग तो हाच. निजामाचे दफ्तर बराच काळ फारसीत चालले, महसुलाचे कितीतरी शब्द तिथूनच आले, म्हणून हा तर्क वरवर पटतो. पण त्याच नोंदीत शब्दसंग्रहकार विल्सनच्या आधाराने तेलुगू ‘रेगडि’ही दिला आहे, आणि माझ्या मते निकाल तिथेच लागतो. तेलुगूत या मातीला ‘नल्ल रेगडि’ म्हणतात. ‘नल्ल’ म्हणजे काळी. तेव्हा रेगडि हे रंगाचे नाव नव्हे, चिकणमातीच्या जातीचे आहे. इंग्रजी कानाला ‘ड’ हा ‘र’सारखा लागतो, त्यामुळे रेगडचा रेगूर होणे सरळ आहे. शिवाय दफ्तराचे शब्द दरबार देतो, मातीला नाव नांगर धरणारा देतो. हाताला चिकटणाऱ्या मातीला तो वाळूचे नाव कशाला देईल?

पैनगंगेच्या एका काठाला यवतमाळ, दुसऱ्या काठाला आदिलाबाद. दोन्हीकडे कापसाची हीच काळी. तिच्यातले माँटमोरिलोनाइट खनिज पापुद्र्यापापुद्र्यांत पाणी घेते. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवरच्या कारखान्यात जड सायलोपेक्षा हलकी शेड, फरशी, कंपाउंडची भिंत आधी तडकते, कारण फुगणाऱ्या मातीला दाबून धरायला वर तेवढे वजनच नसते. जुना इलाज म्हणजे पायाखालची काळी काढून वाळू भरणे. पण वाळू पाणी झरझर खाली सोडते, ते उरलेल्या काळीला मिळते आणि पाया पुन्हा उचलला जातो. कोशकारांनी शब्दात वाळू पाहिली, बांधणाऱ्यांनी ती खड्ड्यात भरली; ती दोन्हीकडे टिकली नाही.

रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अंडर-रीम्ड पाइल रुजवले : बोअर घेऊन तळाशी दांड्याच्या साधारण अडीचपट रुंद फुगा कापायचा, म्हणजे ऋतूंचा फेरा पोचत नाही त्या खोलीवर पाया अडकून राहतो. आयआयटी मुंबईचे आर. के. कट्टी यांनी 1970 च्या दशकात दुसरी वाट दाखवली : काळीवर सुमारे एक मीटर जाडीचा, चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा थर दाबून बसवायचा. एवढ्या थराचे वजन फुगवटा कसे रोखेल, ही शंका रास्त आहे. कट्टींचे उत्तर वजनात नव्हते, थराच्या चिकटपणात होते. वाळूत नेमका तोच नसतो. आपल्याकडे अशी माती बहुधा मुरमातून मिळते. काळीवर शेड उभारणाऱ्याने वाळू मागवण्याआधी जवळचा मुरूम फुगतो की नाही, हे प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.