मनातल्या शंकेची नोंद

१८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याच्यामागे धाकटा भाऊ श्रीपतही मिशनच्या आश्रयाला गेला. प्रकरण कोर्टात पोहोचलं आणि श्रीपतला वडिलांच्या ताब्यात देण्यात आलं. त्याला जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर पुढे सरसावले आणि शहर ढवळून निघालं. नारायण मात्र मागे फिरला नाही. १८५४ मध्ये तो पाळक झाला. पुढे निजामाच्या मुलखात, जालन्याजवळ त्याने बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली.

मराठवाड्याच्या ख्रिस्ती इतिहासात शेषाद्रींचं कार्य नोंदलं गेलं. पण घर आणि जात सुटलेल्या त्या तरुणाचं मन कोणी सांभाळलं? त्याच पिढीत ख्रिस्ती झालेल्या बाबा पदमनजींनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आपले विचार कसे पालटत गेले ते टप्प्याटप्प्याने मांडलं, म्हणून त्या पिढीच्या आतल्या झगड्याचा काही माग लागतो.

हा झगडा हाताळण्याची रीत ख्रिस्ती परंपरेत फार जुनी आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस या साधूने खादाडपणापासून गर्वापर्यंत आठ प्रकारच्या छळणाऱ्या विचारांची यादी केली. एकेका विचारासमोर उत्तर म्हणून बायबलचं एकेक वचन लिहिलं. अशा नोंदी जवळजवळ पाचशे भरल्या.

सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोलांनी मनाच्या या परीक्षणाला रोजची शिस्त लावली. जो दोष सोडायचा, तो घडला की कागदावरच्या रेघेवर ठिपका द्यायचा. दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी, आजचा दिवस कालच्याशी ताडून पाहायचा. मन उदास असताना आधीचा निश्चय बदलू नये, असाही त्यांचा नियम होता. त्यांचे सोबती फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरले. १८९३ मध्ये कँडीत स्थापन झालेली आणि लोयोलांच्या येशूसंघाने चालवलेली पेपल सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यात आली.

१९६०च्या दशकात फिलाडेल्फियात डॉ. आरन बेक नैराश्याच्या रुग्णांना मनात आपोआप उठणारे विचार लिहून काढायला आणि त्यांचा पुरावा तपासायला सांगू लागले. श्रद्धाधारित समुपदेशनात याला प्रार्थना आणि शास्त्रवचनाची जोड मिळते. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातला मनाच्या नवीकरणाचा उपदेश त्याचा आधार ठरतो.

पाळकांना शिक्षण देणारी युनियन बिब्लिकल सेमिनरीही यवतमाळहून १९८३ मध्ये पुण्याला हलली. अर्धापूर किंवा लातूरकडच्या एखाद्या तरुणाला पाळक व्हायचं असेल, तर त्यालाही घर सोडून अशाच एखाद्या शहरात राहावं लागतं. एक प्रवचन फसलं की ‘मी या सेवेला लायक नाही’ हा विचार त्याला घेरू शकतो. तेव्हा वचन पुढे करण्याआधी तो विचार त्याला पुरता लिहू द्यावा. प्रवचन नेमकं कुठे फसलं आणि त्यावरून पाचारणच खोटं ठरतं का, हे त्याच्यासोबत बसून तपासावं.

बायबलमधला एलीया थकून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला आधी जेवू घालतो. म्हणून समुपदेशकानेही झोप आणि जेवणाची चौकशी आधी करावी. जीव देण्याचे विचार दिसले तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला एक दिवसही लावू नये. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही सरकारी मदतवाहिनी मराठीतही बोलते.