‘व्हेकंट’ आणि ‘व्हेकेटेड’: गिरण्यांच्या जमिनीचा हिशोब

संशोधनाची तयारी करताय ना? मग हे दोन इंग्रजी शब्द शेजारी शेजारी लिहून ठेवा: ‘व्हेकंट’ आणि ‘व्हेकेटेड’. पहिला म्हणजे रिकामा, आत्ता आहे तसा. दुसरा म्हणजे रिकामा केलेला. आधी तिथे काहीतरी होतं. फरक एवढासाच. पण लोअर परळमधल्या गिरण्यांच्या जमिनीचा वाद याच फरकावर लढला गेला.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत त्यांच्या जमिनीसाठी ५८ वा नियम आला. गिरणी पाडून पुनर्विकास करायचा, तर जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे: एक महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. वाटणीत मोकळी जमीन होती आणि बांधकाम पाडल्यावर मिळणारी जमीनही. म्हणजे व्हेकंट अधिक व्हेकेटेड.

२००१ मध्ये नियम बदलला. वाटणीला उरली फक्त ‘ओपन लँड्स’ आणि शिल्लक चटईक्षेत्र. पाडलेल्या बांधकामाखालच्या जमिनीचा उल्लेखच गेला.

आता साधं गणित करू. समजा, एक गिरणी ९ एकरांची आहे. ७ एकरांवर शेड, २ एकर मोकळं आवार. जुन्या नियमाने महापालिकेला साधारण ३ एकर. नव्या नियमाने, नुसत्या जमिनीचा हिशोब धरला, तर पाऊण एकरसुद्धा नाही!

मग प्रश्न कोर्टात गेला: शेड पाडल्यावर मोकळी झालेली जमीन ‘ओपन’ म्हणायची की नाही? ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालय म्हणालं, म्हणायची. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ‘ओपन’ म्हणजे आधीपासून मोकळी तेवढीच.

नीट बघा. एक-तृतीयांश तसाच राहिला. कशाचा एक-तृतीयांश, ते बदललं.

तुमच्या प्रबंधातही हेच होतं. सर्वेक्षणात उत्तर ‘मिळालं नाही’ आणि उत्तर ‘वगळलं’, दोन्हीकडे तक्त्यातला रकाना रिकामाच दिसतो. पण टक्केवारी काढताना छेदात कोणाला धरलं, यावर निष्कर्ष उलटू शकतो. म्हणून पद्धतीच्या प्रकरणात आकडेवारीच्या आधी व्याख्या लिहा. रिकामं म्हणजे मुळातलं रिकामं, की केलेलं? हे तुम्ही लिहिलं नाहीत, तर दुसरं कोणीतरी आपल्या सोयीने ठरवेल.