आत्मकलंक (मानसिक आजार)

मानसिक आजाराविषयी समाजात रूढ असलेले पूर्वग्रह आजारी व्यक्तीने स्वतःच खरे मानून स्वतःला लागू करणे, यास आत्मकलंक असे म्हणतात. ही संज्ञा प्रामुख्याने स्किझोफ्रेनिया (छिन्नमनस्कता), द्विध्रुवी विकार अशा गंभीर आजारांच्या संदर्भात वापरली जाते.

== संकल्पना ==
अर्व्हिंग गॉफमन यांच्या ‘स्टिग्मा’ (१९६३) या ग्रंथापासून कलंकाच्या समाजशास्त्रीय अभ्यासाला चालना मिळाली. ब्रूस लिंक यांच्या मते ‘वेड्या’ माणसाला लोक कमी लेखतात, ही समजूत प्रत्येक जण आजारापूर्वीच आत्मसात करतो. निदान झाले की तीच स्वतःवर उलटते. पॅट्रिक कॉरिगन यांनी तिच्या पायऱ्या सांगितल्या आहेत: पूर्वग्रहाची जाणीव होणे, तो पटणे, स्वतःला लागू करणे आणि अखेरीस स्वाभिमान ढासळणे. जाणीव होऊनही पूर्वग्रह न पटल्यास ही साखळी तेथेच तुटते.

आपण आजारी आहोत ही जाण उपचारांना उपकारक मानली जाते. मात्र कलंक मान्य केलेल्या रुग्णांत हीच जाण खालावलेल्या आशेशी व स्वाभिमानाशी निगडित आढळते.

== निकटचे नातेसंबंध ==
ग्रॅहम थॉर्निक्रॉफ्ट व सहकाऱ्यांनी २७ देशांतील ७३२ स्किझोफ्रेनियाग्रस्त व्यक्तींच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास २००९ साली प्रसिद्ध केला. मैत्री जोडताना वा टिकवताना ४७ टक्के, कुटुंबीयांकडून ४३ टक्के, तर जिव्हाळ्याच्या वा लैंगिक संबंधांत २७ टक्के व्यक्तींना भेदभाव अनुभवास आला होता. जोडीदार शोधताना भेदभाव होईलच, असे मात्र ५५ टक्क्यांना वाटत होते. म्हणजे प्रत्यक्ष नकारापेक्षा नकाराची धास्ती अधिक व्यापक होती, आणि ७२ टक्क्यांना निदान लपवण्याची गरज भासत होती.

भारतात हा पेच ठरवून केलेल्या विवाहात विशेष तीव्र होतो. ‘लग्न झाले की बरे वाटेल’ या समजुतीने आजार दडवला जातो. सासरी गोळ्या चोरून घ्याव्या लागतात किंवा बंद होतात आणि आजार उलटण्याचा धोका वाढतो. पुढे हेच दडवणे हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १२ नुसार फसवणूक ठरवून विवाह रद्द करण्याची मागणी होऊ शकते. उघड सांगावे तर स्थळ परत जाते. त्यामुळे अनेक जण लग्नाचा विचारच सोडून देतात.

== उपचार ==
फिलिप यानोस, डेव्हिड रो व पॉल लायसेकर यांनी आत्मकलंक कमी करण्यासाठी गटोपचार विकसित केला. त्यात रुग्ण पूर्वग्रह तपासून पाहतात व स्वतःच्या आयुष्याची कथा नव्याने मांडतात.