मल्लिक, पंकजकुमार

(१० मे १९०५ – १९ फेब्रुवारी १९७८). ख्यातनाम बंगाली गायक, चित्रपट-संगीतदिग्दर्शक आणि नभोवाणीवरील संगीतशिक्षक. रवींद्रसंगीत हे एका मर्यादित सुसंस्कृत वर्तुळातून बाहेर काढून सर्वसामान्य श्रोत्यांपर्यंत नेण्याचे श्रेय ज्या मोजक्या कलावंतांना दिले जाते, त्यांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे. ध्वनिमुद्रिका, नभोवाणी आणि बोलपट ही तिन्ही नवी माध्यमे त्यांच्या उमेदीच्या काळातच भारतात रुजत होती. या तिन्ही माध्यमांत गीतातील शब्दाचा मान कायम राखून सूर कसा पोहोचवावा, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर हाताळला. त्यांच्या कारकिर्दीचे ऐतिहासिक महत्त्व मुख्यत्वे यातच आहे.

त्यांचा जन्म कलकत्ता (सध्याचे कोलकाता) येथे झाला. वडील मणिमोहन यांना परंपरागत बंगाली संगीताची आवड होती व घरातील उत्सवांच्या निमित्ताने लहानग्या पंकजच्या कानांवर गाणे पडत असे. दुर्गादास बंदोपाध्याय यांच्याकडे त्यांचे सुरुवातीचे संगीतशिक्षण झाले. पुढे स्कॉटिश चर्च महाविद्यालयात ते शिकत होते. याच काळात रवींद्रनाथांच्या काव्याने व गीतांनी त्यांच्या मनाची पकड घेतली. रवींद्रनाथांच्या गीतांचे भांडारी म्हणून ओळखले जाणारे त्यांचे नातू-नात्यातील दिनेंद्रनाथ टागोर यांचे मार्गदर्शन पंकजकुमारांना लाभले, ही गोष्ट निर्णायक ठरली. रवींद्रनाथांची हजारो गीते स्मरणात ठेवून त्यांचे स्वरलेखन करण्याचे काम दिनेंद्रनाथांनी केले होते. त्यामुळे मूळ चालीशी इमान राखण्याची शिस्त पंकजकुमारांना अगदी प्रारंभीच मिळाली. १९२६ मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली.

इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने १९२७ च्या जुलैत मुंबई येथे व ऑगस्टमध्ये कलकत्ता येथे नभोवाणी केंद्रे सुरू केली. कलकत्ता केंद्राच्या पहिल्याच वर्षी पंकजकुमार तेथे गाऊ लागले आणि त्या केंद्राशी त्यांचा संबंध जवळजवळ अर्धशतक टिकला. बैठकीतील गायकाला समोरच्या श्रोत्यांची दाद मिळते, तिच्या आधारे तो गाणे फुलवीत नेतो. मायक्रोफोनपुढे ही दाद नसते. आवाज चढविण्याची गरजही उरत नाही. हलक्या उच्चाराचा, श्वासाचा व विरामाचा परिणाम मात्र स्पष्ट ऐकू येतो. पंकजकुमारांचा आवाज मुळात खर्जाकडे झुकणारा, भरदार व स्थिर होता. नभोवाणीच्या या गरजा त्यांनी लवकर ओळखल्या आणि तानांचा विस्तार टाळून शब्द पूर्ण व निखळ उच्चारणारी, संयत भावाची गायकी सिद्ध केली. पुढे चित्रपटांत गाताना व इतरांकडून गाऊन घेताना हीच दृष्टी त्यांच्या उपयोगी पडली.

१९२९ मध्ये त्यांनी नभोवाणीवर ‘संगीत शिक्षार आसर’ हा कार्यक्रम सुरू केला. रविवारी सकाळी प्रक्षेपित होणाऱ्या या कार्यक्रमात ते प्रथम गीताचे शब्द सावकाश सांगत, श्रोते ते वहीत उतरवून घेत; नंतर एकेक ओळ गाऊन, पुनःपुन्हा म्हणवून घेतल्याप्रमाणे ते ती शिकवीत. एखादे गीत पुरे होण्यास काही आठवडे लागत. रवींद्रसंगीताबरोबरच द्विजेंद्रलाल राय, रजनीकांत सेन व अतुलप्रसाद सेन यांची गीते, भजने आणि लोकगीतेही ते शिकवीत. या उपक्रमाचे सामाजिक मोल मोठे होते. त्या काळी मध्यमवर्गीय बंगाली घरांतील मुलींना गाणे शिकण्यासाठी बाहेर जाणे किंवा घरी शिक्षक ठेवणे सहज शक्य नसे. गावोगावच्या श्रोत्यांना तर शिक्षक मिळणेच कठीण होते. नभोवाणी संचाभोवती बसून शिकलेल्या या अदृश्य शिष्यवर्गामुळे रवींद्रनाथांची गीते ब्राह्मो समाज व शांतिनिकेतन यांच्या परिसराबाहेर घरोघर गायिली जाऊ लागली.

नभोवाणीवरील त्यांची दुसरी चिरस्थायी कामगिरी म्हणजे ‘महिषासुरमर्दिनी’ हा सांगीतिक कार्यक्रम होय. त्याचा प्रारंभ १९३१-३२ च्या सुमारास झाला. संहिता बाणीकुमार यांची, चंडीपाठ व निवेदन वीरेंद्रकृष्ण भद्र यांचे आणि संगीत पंकजकुमारांचे होते. महालया म्हणजे सर्वपित्री अमावास्येच्या पहाटे चार वाजता तो प्रक्षेपित होत असे. पितृपक्ष संपून देवीच्या आगमनाचे वेध लागण्याच्या या संधिकाली संस्कृत स्तोत्रे, बंगाली गीते व गद्य निवेदन यांची त्यांनी केलेली गुंफण बंगाली जीवनाचा एक विधीच बनली. प्रारंभीची अनेक वर्षे हा कार्यक्रम ध्वनिमुद्रित नसे. सर्व गायक-वादक मध्यरात्रीनंतर केंद्रावर जमत व प्रत्यक्ष सादर करीत. वादकांत मुसलमान कलावंतही होते. बहुतेक गीतांच्या चाली पंकजकुमारांच्या होत्या. सुप्रीती घोष, द्विजेन मुखोपाध्याय इ. गायकांच्या पिढ्या या कार्यक्रमात सहभागी झाल्या.

चित्रपटसृष्टीत त्यांचा प्रवेश मूकपटांच्या अखेरीस झाला. १९३१ मधील चाषार मेये व चोरकाँटा या मूकपटांच्या वेळी चित्रपटगृहात पडद्यासमोर बसणाऱ्या वाद्यवृंदाचे संचालन त्यांनी रायचंद बोराल यांच्यासमवेत केले. पडद्यावरील प्रसंगाचा वेग व भाव पाहून त्यास साजेसे संगीत त्या क्षणी उभे करावयाचे, हे काम पार्श्वसंगीताची जणू शाळाच होती. त्याच वर्षी वीरेंद्रनाथ सरकार यांनी न्यू थिएटर्स ही संस्था स्थापन केली. बोराल व पंकजकुमार हे तिच्या संगीत विभागाचे आधारस्तंभ बनले. पंकजकुमार सुमारे पंचवीस वर्षे या संस्थेत होते. दिग्दर्शक देवकी बोस, प्रमथेश बरुआ व नितीन बोस, गायक-नट कुंदनलाल सैगल, अंध गायक कृष्णचंद्र डे, अभिनेत्री-गायिका काननदेवी अशा कलावंतांच्या सहवासात भारतीय चित्रपटगीताचे एक नवे रूप येथे आकारास आले.

नितीन बोस यांच्या भाग्यचक्र (१९३५) व त्याच्याच धूपछाँव या हिंदी आवृत्तीत गीते आधी ध्वनिमुद्रित करून चित्रीकरणाच्या वेळी नटांनी त्यांवर ओठ हलविण्याची पद्धत अवलंबिण्यात आली. भारतीय पार्श्वगायनाच्या इतिहासात हा टप्पा महत्त्वाचा मानला जातो. ध्वनिमुद्रिकेवरील एका इंग्रजी गीताबरोबर पंकजकुमार स्वतःशी गात असलेले पाहून नितीन बोस यांना ही कल्पना सुचली, अशी आठवण सांगितली जाते. या पद्धतीमुळे चित्रीकरणाच्या जागी वादकांना लपवून बसविण्याची अडचण दूर झाली, तसेच वाद्यमेळ अधिक भरघोस करणे शक्य झाले. पंकजकुमारांनी पियानो, ऑर्गन, चेलो, व्हायोलिन इ. पाश्चात्त्य वाद्यांचा उपयोग केला, पण तो गीताच्या शब्दांवर कुरघोडी न करता त्यांच्यामागे एक वातावरण उभे करण्यासाठी केला.

प्रमथेश बरुआ यांचा मुक्ती (१९३७) हा चित्रपट त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचा ठरला. रवींद्रनाथांची गीते ते स्वतः हयात असताना त्यांच्या संमतीने चित्रपटात योजावयाची, हे साहसच होते. आपल्या गीतांच्या चाली गायकांनी मनाप्रमाणे बदलू नयेत, असा रवींद्रनाथांचा कटाक्ष असे. शिवाय बोलपटाकडे सुशिक्षित समाज तेव्हा फारशा आदराने पाहत नव्हता. पंकजकुमारांनी तर आणखी एक पाऊल पुढे टाकले होते. खेया या संग्रहातील ‘शेष खेया’ या कवितेस रवींद्रनाथांनी स्वतः चाल दिलेली नव्हती. तिला पंकजकुमारांनी चाल लावली. कवीने ती ऐकून तिला मान्यता दिली आणि ती मुक्तीमध्ये घेण्यात आली. दुसऱ्याने चाल दिलेल्या आपल्या कवितेस रवींद्रनाथांनी अशी संमती देणे दुर्मिळ होते. या चालीत अलंकरण अत्यल्प असून दिवस मावळतानाचा एकटेपणा दीर्घ, ठाय स्वरांतून व्यक्त होतो. कवितेतील आशयाला बाध न येता तिला चाल लाभली, हेच या मान्यतेमागील कारण असावे. या चित्रपटात पंकजकुमारांनी भूमिकाही केली. काननदेवींनी गायिलेली त्यातील रवींद्रगीते अतिशय लोकप्रिय झाली आणि नामवंत घरांतील बैठकीचे गाणे चित्रपटगृहातील स्वस्त तिकिटावर बसणाऱ्या प्रेक्षकाचेही झाले.

याच धोरणाचा पुढील टप्पा म्हणजे जीवनमरण (१९३९) हा चित्रपट. बंगाली ही ज्यांची मातृभाषा नव्हती, अशा कुंदनलाल सैगल यांच्याकडून त्यांनी त्यात रवींद्रसंगीत गाऊन घेतले. त्याच चित्रपटाच्या दुश्मन या हिंदी आवृत्तीतही नायक नभोवाणीवरील गायक असून तो क्षयाने आजारी पडतो. नभोवाणीचा ध्वनी हाच येथे कथेचा एक दुवा बनला. सैगल यांच्यासाठी त्यांनी रचलेल्या चालींत जिंदगी (१९४०) मधील अंगाईगीत व मेरी बहन (१९४४) मधील गीते विशेष गाजली. कपालकुंडला (१९३९) मधील त्यांचे स्वतःचे गीत भारतभर पसरले. डाक्तार (१९४०) व त्याची हिंदी आवृत्ती डॉक्टर (१९४१) यांत त्यांनी प्रमुख भूमिकाही केली. डॉक्टरमधील एका गीतात घोडागाडीतील प्रवासाची गती टापांच्या ठेक्यातून साकार केलेली आहे. दृश्यातील नैसर्गिक ध्वनीलाच तालाचे रूप देण्याची ही युक्ती पुढे हिंदी चित्रपटांत वारंवार वापरली गेली. अधिकार (१९३९), नर्तकी (१९४०) इ. चित्रपटांतही त्यांच्या भूमिका व गाणी होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर कलकत्त्यातील चित्रपटव्यवसायास उतरती कळा लागली. फाळणीमुळे बंगाली चित्रपटाचा मोठा प्रेक्षकवर्ग सीमेपलीकडे गेला. नितीन बोस, बिमल रॉय, बोराल इ. सहकारी पुढेमागे मुंबईस गेले. पंकजकुमार मात्र कलकत्त्यातच राहिले. या निर्णयाची किंमत त्यांना मोजावी लागली. १९५० नंतर हिंदी चित्रपटसंगीताचे केंद्र पूर्णपणे मुंबई हे झाले आणि त्यात त्यांचा वाटा उत्तरोत्तर कमी होत गेला. तरीही पॉल झिल्स दिग्दर्शित झलझला (१९५२) हा रवींद्रनाथांच्या चार अध्याय या कादंबरीवरील हिंदी चित्रपट आणि हिमालयातील तीर्थयात्रेवरील महाप्रस्थानेर पथे (१९५२) व त्याची यात्रिक ही हिंदी आवृत्ती हे त्यांच्या उत्तरकाळातील उल्लेखनीय चित्रपट होत. यात्रिकमध्ये त्यांनी संस्कृत स्तोत्रांचा केलेला उपयोग ‘महिषासुरमर्दिनी’तील अनुभवाशी जुळणारा आहे. पश्चिम बंगाल शासनाच्या लोकरंजन शाखेचेही मार्गदर्शन त्यांनी केले.

ज्या नभोवाणीने त्यांना घडविले व ज्या नभोवाणीला त्यांनी घडविले, तिच्याशी असलेला त्यांचा संबंध मात्र क्लेशकारक रीतीने संपला. सेहेचाळीस वर्षे चाललेला ‘संगीत शिक्षार आसर’ १९७५ मध्ये त्यांच्याकडून काढून घेण्यात आला. १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, महालयेच्या पहाटे ‘महिषासुरमर्दिनी’ऐवजी नवा कार्यक्रम योजण्यात आला. त्यासाठी उत्तमकुमार यांच्यासारख्या लोकप्रिय नटाचा आवाज घेतला होता. संगीत हेमंतकुमार मुखर्जी यांचे होते. त्यांनी तरुणपणी पंकजकुमारांच्या गायनाचा आदर्श पुढे ठेवला होता व त्यामुळे त्यांना ‘छोटा पंकज’ म्हणत असत. श्रोत्यांनी या बदलाबद्दल इतका तीव्र संताप व्यक्त केला, की मूळ कार्यक्रमच पुन्हा प्रक्षेपित करावा लागला. आजही महालयेच्या पहाटे तोच ऐकविला जातो. नव्या कार्यक्रमातील कलावंत सामान्य नव्हते. दोष त्यांच्या कलेचा नव्हता. वर्षानुवर्षे एकाच पहाटे ऐकत आलेल्या संगीताचे स्वामित्व एखाद्या कार्यालयाकडे न राहता ऐकणाऱ्या समाजाकडे जाते, हे या प्रसंगाने दाखवून दिले. चाळीसहून अधिक वर्षे शिकविलेल्या श्रोत्यांनी आपल्या गुरूच्या बाजूने दिलेला तो कौलही होता.

‘सुरसागर’ ही पदवी, पद्मश्री (१९७०) व १९७२ चा दादासाहेब फाळके पुरस्कार असे सन्मान त्यांना लाभले. फाळके पुरस्कार मिळविणारे ते पहिले संगीतकार होत. आमार युग आमार गान हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध आहे. २००६ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. लता मंगेशकर यांनी श्रद्धांजली (१९९२) या ध्वनिमुद्रणमालेत पूर्वसूरींची गीते गाऊन त्यांना मानवंदना दिली, तीत पंकजकुमारांनी गायिलेल्या एका हिंदी गीताचाही समावेश आहे.

पंकजकुमारांच्या सांगीतिक भूमिकेवर आक्षेपही घेतले गेले. तबला व पाश्चात्त्य वाद्यमेळ यांच्या साथीमुळे रवींद्रगीताचा साधेपणा उणावतो, असे काही जाणकारांचे मत होते. रवींद्रनाथांच्या रचनांचा स्वामित्वहक्क २००१ अखेर संपला व त्यांच्या गीतांच्या सादरीकरणावरील विश्वभारतीचे नियंत्रण सुटले. त्यानंतर हा वाद निराळ्या रूपात पुन्हा उद्भवला. त्या संदर्भात पंकजकुमारांचे उदाहरण उद्बोधक आहे. त्यांनी साथ बदलली, माध्यम बदलले, श्रोता बदलला. परंतु गीतातील शब्द व मूळ चाल यांस धक्का लावला नाही आणि जेथे चालच नव्हती, तेथे कवीची संमती घेतली. कलकत्ता येथे त्यांचे निधन झाले.